कॉम्रेड हरायला बसतात

इस्त्रीवाल्या मावशींचं शेवटचं बटण कॉम्रेडनी आपल्या ढिगात ओढून घेतलं आणि नेमकी तेव्हाच कॉम्रेडची लेक डबा घेऊन दारात उभी राहिली. मावशी उठल्या आणि भिंतीशी ठेवलेले रबरी बूट पायात होतात का ते बघू लागल्या. कॉम्रेड हसत होते. लेकीने ते हसू पाहिलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

ही लॉन्ड्री सहकारी होती. तिला मालक नव्हता आणि पगार सगळ्यांना सारखा, चादरी धुणाऱ्यालाही आणि त्या हॉटेलांत पोचवणाऱ्या ड्रायव्हरलाही. फक्त एका कामापुढे समता गुडघे टेकायची, ते म्हणजे सांडपाण्याची टाकी. तिच्यात आठवडाभराचा साबणाचा गाळ, दोरे, केस आणि कशाचं आहे हे विचारू नये असं बरंच काही साचायचं. आधी तिच्यासाठी पाळ्या लावल्या होत्या, पण ज्याची पाळी यायची त्याची हमखास कंबर धरायची. शेवटी सचिव या नात्याने कॉम्रेडनीच पोकर हा पत्त्यांचा खेळ आणला. शनिवारी दुपारी मशीन बंद झाली की गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून गळालेली बेवारशी बटणं पैशांऐवजी लावायला सगळ्यांना सारखी वाटायची, आणि ज्याची आधी संपतील त्याने रविवारी टाकीत उतरायचं. सुरुवात सगळ्यांची सारखी, असं कॉम्रेड अभिमानाने सांगत. शेवटाबद्दल मात्र बोलत नसत, कारण पोकर आल्यापासून त्यांनी टाकी आतून पाहिली नव्हती.

घरी जाताना लेक म्हणाली, "बाबा, लहानपणी तुम्ही मला सापशिडी खेळू दिली नाहीत. एकाला शिडी आणि दुसऱ्याला साप, हे अन्यायाचं शिक्षण आहे म्हणालात."

"ते नशिबावर चालतं. पोकर बुद्धीचा खेळ आहे."

"म्हणजे ज्याला बुद्धी जास्त, त्याने बाकीच्यांना गाळात ढकलायचं. कारखानदार दुसरं काय म्हणतात?"

कॉम्रेडनी उत्पादनाची साधनं आणि बटणं यांतला फरक समजावायला सुरुवात केली, पण घर आलं तरी त्यांना तो सापडला नाही. हे त्यांना फार लागलं. संघटनेतले जुने सोबती केव्हाच पांगले होते, बायको भाषणाच्या पहिल्या वाक्याला जांभई द्यायची. त्यांचं सगळं मन लावून ऐकणारी जगात ही एकच मुलगी, आणि त्या रात्री तिने जेवताना मान वर केली नाही. पुढच्या शनिवारी हरायचं, मुकाट टाकीत उतरायचं आणि लेकीच्या नजरेत पुन्हा चढायचं, असं कॉम्रेडनी ठरवून टाकलं.

पण चांगल्या खेळाडूला हरणं इतकं सोपं नसतं. पहिल्याच डावात हातात एकही कामाचं पान नसताना त्यांनी सगळी बटणं पुढे सरकवली. ड्रायव्हरने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, कॉम्रेड उगाच काही लावत नाहीत असं म्हणाला आणि पत्ते टाकून दिले. बाकीच्यांनीही टाकले. कॉम्रेड जिंकले. पुढच्या डावात तेच केलं आणि तेच झालं. मग त्यांनी धोरण बदलून प्रत्येक डावात पत्ते टाकून आधी लावलेलं एकेक बटण घालवायला सुरुवात केली, तर तेवढ्यात बाकीच्यांनी आपसांत भिडून मावशींना पुन्हा कफल्लक केलं. मावशी बूट शोधू लागल्या. शेवटी न राहवून कॉम्रेडनी आपली बटणं मुठीने उचलून त्यांच्यापुढे ओतली.

"उचला ती," मावशी म्हणाल्या. "दया मागायला मी तुमच्या दारात आले नाही."

दाराशी उभ्या असलेल्या लेकीने कपाळाला हात लावला. आता मात्र कॉम्रेड इरेला पेटले. त्यांनी खास सभा बोलावली आणि पोकर कायमचा बंद करून पुन्हा पाळ्या लावाव्यात असा ठराव मांडला. बोलता बोलता शोषणाचा इतिहास बराच मागून सुरू केला. लेक बऱ्याच दिवसांनी पुन्हा कौतुकाने ऐकत होती. मावशींचं हित जपणारा ठराव, तेव्हा मावशी अनुमोदन देणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मावशी विरोधाला उभ्या राहिल्या.

"आठवडाभर आम्ही सगळे सारखे. सारखा पगार, सारखा चहा, सारखी सुट्टी. शनिवारी तेवढी कुणाला तरी वरचढ व्हायची आशा असते. तीही काढून घेता?"

"पण मावशी, तुम्ही तर सारख्या हरता."

"म्हणूनच म्हणते. इतकं हरून झाल्यावर आता कुठे जिंकायची वेळ आली, तर तुम्ही खेळच गुंडाळताय."

टाळ्या पडल्या. ड्रायव्हरने उपसूचना मांडली. कॉम्रेडच्या तत्त्वांचा मान राखलाच पाहिजे, त्यांना खेळायची सक्ती मुळीच नको, असं तो म्हणाला. "पण जो खेळणार नाही, त्याला टाकीची भीती नाही. म्हणजे तो एकटाच आपल्या सगळ्यांच्या वर बसला. हे समतेत कसं बसवायचं?"

ते समतेत बसवण्याचा मार्ग सभेला लगेच सापडला. टाकी कायमची कॉम्रेडकडे, आणि पोकर नुसता मजेसाठी चालू. कॉम्रेडनी हयातभर बहुमताची थोरवी गायली होती, त्यामुळे त्यांना तोंड उघडता येईना. हात मोजायला उठले, तर सभासद नसलेल्या लेकीचाही हात वर होता.

आता रविवारपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. पुढच्या शनिवारी मशीन थांबली तशी कॉम्रेड बूट चढवून टाकीत उतरले. गुडघ्याएवढा गाळ, वर डाव रंगलेला, आणि हरण्याची धास्ती गेल्यामुळे आवाज जास्तच चढलेले. इतक्यात झाकणापाशी लेक वाकली. तिचे डोळे चमकत होते.

"बाबा, मला आज तुमचा फार अभिमान वाटतोय."

कॉम्रेडसाठी सगळी दुर्गंधी त्या एका वाक्यात विरून गेली. आता लेक बाही वर करून बादली धरायला खाली येणार, असं वाटून त्यांनी हात वर केला. पण वरून मावशींची हाक आली, "अगं, ये लवकर, पत्ते वाटलेत."

"तू खेळतेस?"

"तुमची खुर्ची रिकामीच होती," असं म्हणून लेक गेलीसुद्धा.

बापाची जागा आपोआप लेकराला मिळू नये, या विषयावर कॉम्रेडचं सर्वांत गाजलेलं भाषण होतं. ते त्यांच्या जिभेवर आलंही. पण अभिमान मिळून अजून मिनिटही झालं नव्हतं. त्यांनी भाषण गिळलं, बादली गाळाने भरली, आणि टाकीतल्या शिडीच्या पायरीवर चढून वर हाक मारली, "ड्रायव्हर कान खाजवायला लागला की थाप मारतोय समज. सोडू नकोस त्याला."