जयराज गावात नाही

संयोगिताच्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. पत्र अवघड नव्हतं. "नाना, बेलिफाच्या अहवालावर पंच म्हणून तुमची सही आहे. जयराज गावात नाहीत, असं त्यात लिहिलंय. खरं काय ते दोन ओळींत कळवा. वकीलबाई म्हणतात, तेवढं पुरेल." दोनच ओळी लिहायच्या असल्यामुळे मला सुरुवात सुचेना.

जयराज माझा पुतण्या. साताऱ्याच्या एका शाळेतली ग्रंथपालाची नोकरी संपवून मी पलूसकडच्या आमच्या गावी परतलो, तेव्हापासून त्याच्या शेजारी राहतो. संयोगिताशी त्याचं लग्न मीच जमवलं होतं. चार वर्षांपूर्वी ती सांगलीला माहेरी गेली आणि तिने घटस्फोटाचा अर्ज केला. आता तिचं दुसरीकडे ठरत होतं. नवरामुलगा शिरवळच्या कारखान्यात होता आणि अजून थांबला होता. किती थांबेल, हे कोर्टाच्या हातात नव्हतं.

जयराजने घटस्फोटाला नकार दिला नाही. दिला असता तर निदान पुढची तारीख पडली असती. तो फक्त नोटीस घेत नव्हता. नोटीस पोचल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही आणि माणूस सापडल्याशिवाय नोटीस पोचत नाही, एवढा कायदा त्याला पाठ होता. त्यापलीकडे त्याने कधी काही पाठ केल्याचं मला आठवत नाही.

रजिस्टर पाकीट तीनदा आलं. पोस्टमन तानाजीने तिन्ही वेळा जयराजच्या ओट्यावर बसून, जयराजलाच विचारून, ‘मालक बाहेरगावी’ असा शेरा मारला आणि ते परत पाठवलं. मग बेलिफ आला. ओट्यावर जयराज होता, मी होतो, आणि आमच्या मागे वाढदिवसाच्या वीस फुटी फ्लेक्सवर गॉगल घातलेला जयराज होता.

"जयराज कुठायत?" बेलिफाने विचारलं.

"त्यो व्हय? पुण्याला गेलाय," जयराज म्हणाला. "कवा येतोय, काय सांगता येत न्हाई. च्या घ्या."

बेलिफाने फ्लेक्सकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग हा फोटो?"

"लय जण तसंच म्हणत्यात, सायेब."

बेलिफाने चहा घेतला, अहवाल लिहिला आणि पेन माझ्यापुढे धरलं. कुणी पेन पुढे केलं की मला नाही म्हणता येत नाही. शिवाय जयराज इतक्या खात्रीने बोलला होता, की आपल्याच ओळखण्यात काही चूक होत असावी असं मला वाटलं.

वकीलबाई म्हणजे ॲडव्होकेट पद्मा लिमये. त्यांनी नोटीस दारावर चिकटवण्याचा हुकूम मिळवला. बेलिफ पोचला तेव्हा दार दुरुस्तीसाठी सुताराकडे गेलं होतं. ते तीन महिने तिथेच राहिलं, आणि जयराज तीन महिने पडदा लावून झोपला.

शेवटी बाईंनी गावातल्या अकरा फ्लेक्सचे फोटो कोर्टापुढे ठेवले. जो इसम गावात कुठेच मिळून येत नाही तो गावात सर्वत्र आहे, सबब नोटीसही फ्लेक्सवरच लावू द्यावी, अशी त्यांची विनंती मंजूर झाली. चौकात नोटीस झळकली. वर जयराजचा फोटो, खाली दाव्याचा नंबर आणि तारीख. संध्याकाळपर्यंत तिच्या कडेने बेचाळीस शुभेच्छुकांनी आपापले फोटो चिकटवले. मजकूर कुणी वाचला नाही. आपला फोटो दुसऱ्याच्या खाली जाऊ नये, एवढीच प्रत्येकाला काळजी होती. जयराजने फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढला आणि स्टेटसला ठेवला: ‘आपल्या प्रेमाने भारावलो.’

बाईंनी तो सेल्फी दाखल केला. कोर्टाने रास्त शंका काढली. पंचांच्या सहीनिशी जयराज गावात नाही, मग हा कोण? तेव्हा संयोगिताने मला ते पत्र लिहिलं. बेचाळीस शुभेच्छुकांनाही तेच विचारणारी बाईंची पत्रं गेली. सात महिन्यांत एकही उत्तर आलं नाही, तेव्हा बाई स्वतःच माझ्याकडे आल्या.

"नाना, सही तुमचीच ना?"

"माझीच असावी."

"आणि शेजारी बसलेला जयराजच होता?"

"लहानपणापासून तर तोच आहे. पण अगदी खात्रीने..."

"चालायला तुम्हीच शिकवलंत ना त्याला?"

"हो, पण तेव्हा तो बराच लहान दिसायचा."

बाई हसल्या नाहीत. "काल शिरवळहून फोन आला होता. ते लोक दिवाळीपर्यंत थांबतील, त्यापुढे नाही. कायद्याने ओढता येईल तेवढं मी ओढलं, नाना. पुढे माणूस लागतो."

त्या गेल्यावर मी लिहिलं: ‘त्या दिवशी माझ्याशेजारी बसून बोलणारा माणूस माझा पुतण्या जयराजच होता. मी खोट्या अहवालावर सही केली.’ मजकूर दोन ओळींत बसला.

"नाना, काय लिवताय?" कुंपणापलीकडून जयराजने विचारलं.

"पत्र."

"कुणाला?"

"तू गावात नाहीस," मी म्हणालो. "तुला कसं सांगू?"

पोस्टात तानाजीने पाकिटावरचा पत्ता वाचला आणि आवाज खाली आणला. "आवं नाना, घरातली गोष्ट कोर्टात कशाला? ऱ्हाऊ द्या हितंच. बाकीच्यांनी काय केलंय बघा की." त्याने खण उघडला. बाईंनी शुभेच्छुकांना पुन्हा पाठवलेली बेचाळीस पाकिटं परत जाण्यासाठी दोरीने बांधून ठेवली होती. प्रत्येकावर तोच शेरा होता.

मी माझं पाकीट रजिस्टरने टाकलं. तानाजी पावती फाडत होता तेवढ्यात गठ्ठ्यातलं सगळ्यांत वरचं नाव मी वाचलं. ते तुमचं होतं, हे वाचत असलेल्या तुमचं. तुम्ही बाहेरगावी आहात असं तानाजीने त्यावर लिहिलं होतं, तुम्हालाच विचारून.