वानखडे सरांची मंडळी

वानखडे सर कोणाच्याही घरी गेले की आधी तिथली माती हुंगायचे. अंगणात वाकून चिमूटभर उचलायची, नाकाशी न्यायची आणि पुडीत बांधायची. चहा मग.

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत, मी इतिहास. बसायची खोली एकच, म्हणून त्यांच्या बरण्यांचा आंबूस वास मी बारा वर्षं सोसला. मातीतले जंतू ते त्या बरण्यांत पाळत. त्यांना ‘मंडळी’ म्हणत. ज्वारीला मोड आणून, शिजवून केलेलं गोड पाणी मंडळींना पाजायचं. गोड भरपूर, बाकी पोषण बेताचं. मग म्हणे हे जंतू अंगात चरबीसारखे कण साठवतात, आणि ते वेगळे काढून वाळवले की प्लास्टिकसारखा पापुद्रा मिळतो. खोलीला कुलूप लावू म्हटलं की सर म्हणत, "थांबा ना जी, मंडळी जेवून रायली."

प्राचार्यांनी दोनदा समज दिली. पोरं त्यांना आंबील सर म्हणत. पापुद्रा बहुधा व्हायचाच नाही. झाला तर बोट लागताच तुटायचा. एकदा मी कंटाळून विचारलं, बाजारात प्लास्टिकचे ढीग आलेत, मग हा उपद्व्याप कशाला? ते म्हणाले, "ते सडत नाही ना." सारं जग टिकाऊ वस्तू शोधतं, यांना सडणारी हवी. मी विचारणं सोडून दिलं.

एका वर्षी तळहाताएवढा पापुद्रा धड निघाला. सरांनी तो कॉलेजच्या बागेत पुरला आणि चार महिन्यांनी मला घेऊन उकरला. माती चाळून हात दुखले, पण काही सापडेना. सर तिथेच बसून राहिले. मग नोकरीत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून मला घरी घेऊन गेले.

वहिनी गहू निवडत होत्या. सर दारातूनच म्हणाले, "गेलं."

"पुरं?"

"पुरं. नावाले उरलं नाही."

मी गोंधळलेला पाहून वहिनींनीच सांगितलं. त्यांची लेक चार वर्षांची असताना तापाने गेली. चांदूर रेल्वेला, नाल्याच्या काठी पुरली तेव्हा तिची प्लास्टिकची भावली कुशीत ठेवली होती. पोर केव्हाच मातीत मिळाली असेल; भावली मात्र उघड्या डोळ्यांनी तिथे एकटीच पडली असेल, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. नवऱ्याजवळ हे त्या एकदाच बोलल्या होत्या.

"त्या भावलीचं आता काही करता येत नाही मले," सर म्हणाले.

"मालूम हाये," वहिनी म्हणाल्या. "पन मले वाटे, तुमी तवा आयकलंच नाही."

सर त्यांच्याजवळ बसून गहू निवडू लागले.