सुभेदार तात्यांची पाहणी

आमचे तात्या कुणाच्याही घरी गेले की बैठकीत टेकायच्या आधी मागच्या दारी जाऊन मोरी बघतात. यजमान "या, बसा" म्हणत उभा, आणि हे तिकडं वाकून जाळीत काय अडकलंय याचा तपास करतायत. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, मुक्काम कडेगाव. भावकीतलं लग्न त्यांच्या पाहणीशिवाय ठरत नाही. "बैठक ही परेड आसती गं," ते म्हणतात, "खरं घर मोरीत कळतंय."

या शास्त्रापायी बरीच चांगली स्थळं गेली. एका ठिकाणी मोरीत साबणाचे तीन झिजके तुकडे जपून ठेवले होते, म्हणजे माणसं चिकट. दुसरीकडं मोरी फारच चकचकीत. "आजच घासलीया. काय तर झाकत्यात," म्हणून तेही गेलं.

गणितात बीएस्सी झाल्यावर मला पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. पुण्यात डेटा सायन्स, मुंबईत क्वांटिटेटिव्ह फायनान्स. सोमवारपर्यंत एकीकडं होकार कळवायचा होता. बाबांचा कौल डेटाला, कारण तो शब्द त्यांच्या मोबाइलवर रोज येतो. मलकापूरच्या मामांचा क्वांटला, कारण त्यांना ते नाव धड उच्चारता येत नव्हतं आणि जे उच्चारता येत नाही ते भारीच असणार. भांडण मिटेना, तेव्हा बाबांनी मला तात्यांपुढं नेऊन बसवलं.

तात्यांनी स्थळांची वही उघडली. "डेटाचं मूळ घराणं कंचं?"

"संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर," मी म्हटलं.

"आन त्या दुसऱ्याचं?"

"गणित आणि शेअर बाजार."

त्यांनी 'बाजार' या शब्दाखाली रेघ मारली. "सभाव?"

"बाजार पडला की तापट." मी गमतीनं बोलले, त्यांनी लिहून घेतलं. मग डेटावाले काय करतात ते सांगितलं: लोक काय बघतात, काय घेतात यावरून पुढं काय करतील ते ओळखायचं.

"हे तर आमची शेजारीण फुकट करती," तात्या म्हणाले. "ह्याला पगार देत्यात व्हय?"

बुधवारी रात्री ते कुणाला न सांगता एसटीत बसले. सांगून गेलं तर पाहणी कसली! शनिवारी दुपारी परतले, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात वाट बघत होतो.

"पुण्यात वसतिगृहाच्या दारात वॉचमननं आडवलं," तात्यांनी अहवाल सुरू केला. "मी म्हनलं, मुलीकडचा हाय. तरी मोरी दावली न्हाई."

"आणि मुंबई?" मामा पुढं सरकले.

"एका मास्तरला गाठलं. इचारलं, घरात वडीलधारं कोन? तर थोरलं साहेब रजेवर. समदा कारभार धाकट्याच्या हातात."

"मग निकाल काय?" बाबा म्हणाले.

तात्यांनी चष्मा काढला आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मी एकटीच उरले.

"दोन्हीकडं पोरींच्या वसतिगृहासमोर दिसभर बसलो," ते हळू म्हणाले. "एक पोरगी फोनवर रडत हुती. दुसरी आली, तिच्या पाठीवर हात ठिवून हुबी ऱ्हायली. तेवढंच बघाय गेलो हुतो."

ते हातातला चष्मा पुसायला लागले.

"कुसुमच्या येळंला मी शिमेवर. रजा मिळाली न्हाई. भावकीनं बैठक बघितली आन हो म्हनलं."

कुसुमताई ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर दीड वर्षात माहेरी आली, ती परत गेलीच नाही. त्याबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही. तात्यांच्या मोरीच्या गोष्टी मी कॉलेजात नकला करून सांगत असे. त्या क्षणी मला माझीच फार लाज वाटली.

"आता मी वॉचमनला बी इचारतोय," तात्या म्हणाले. "तिला काय पायजे, तेवढं कुनी इचारलं न्हवतं. मी बी न्हाई." त्यांनी वही मिटली. "तुला कंचं पायजे?"

"मुंबईचं," मी म्हटलं.

कुसुमताई चहा घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच थांबली. तात्यांनी तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही.

"मग मुंबई," ते म्हणाले. "तुझ्या बापाला मी सांगतो."