निरोगी मंडळी आणि मागची खोली

चर्चच्या सर्व मंडळ्यांची प्रकृती तपासण्यात यावी, असा ठराव वरच्या कार्यालयात एकमताने मंजूर झाला, तेव्हा कोणालाच काही दुखत नव्हते. निदान तसे कोणी सांगितले नव्हते. निरोगी मंडळीत प्रेम असते, ऐक्य असते, आनंद असतो, नवख्याचे स्वागत होते आणि एकमेकांची ओझी वाहिली जातात, असे ठरावात म्हटले होते. सबब हे सर्व जागेवर आहे की नाही ते निरीक्षक येऊन पाहतील आणि आढळल्यास त्या मंडळीच्या दारावर लावण्यासाठी एक पितळी पाटी देण्यात येईल. न आढळल्यास काय होईल, याबद्दल ठरावात अवाक्षर नव्हते. त्यामुळेच सगळ्या मंडळ्या घाबरल्या.

एका मंडळीचे सेक्रेटरी मात्र घाबरले नाहीत. हे गृहस्थ साबणाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होते. पट्ट्यावरून साबणाच्या वड्या सरकत येत. टवका उडालेली, तिरकी अक्षरे उमटलेली किंवा वजनात मार खाणारी वडी ते दोन बोटांनी उचलत आणि शेजारच्या निळ्या पिंपात टाकत. पिंपावर लिहिले होते, ‘दुरुस्ती’. या कामाने त्यांची नजर अशी तयार झाली होती की घोळक्यात शिरताच कोणाचा चेहरा हसरा आहे हे कळण्याआधी कोणाचे बटण तुटले आहे हे त्यांना कळे.

"पण ऐक्य मोजायचं कसं हो?" पाळकसाहेबांनी विचारले. पाळकसाहेब स्वभावाने इतके मऊ होते की समोरचा जे म्हणेल ते त्यांना पटे, आणि समोरचा बदलला की तेही बदलून पटे.

"ऐक्य मोजायचं नसतं, साहेब," सेक्रेटरी म्हणाले. "जिथे ऐक्य नाही तेवढं उचलून बाजूला ठेवायचं. उरतं ते ऐक्य."

"हे मात्र खरं," पाळकसाहेब म्हणाले.

उपासनेच्या दालनामागे एक खोली होती. तुटके बाक, सुरात नसलेली बाजाची पेटी आणि एक पाय लंगडा झालेला व्यासपीठाचा मेज, अशी सगळी अडगळ तिथे होती. सेक्रेटरींनी तिच्या दारावर स्वतःच्या हाताने रंगवून लिहिले, ‘दुरुस्ती कक्ष’. मग मुख्य दारात दोन स्वयंसेवक उभे करून त्यांना पद्धत शिकवली. येणाऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि हसून विचारायचे, "कसं काय?" जो म्हणेल "मजेत", तो पुढे दालनात. ज्याचा सुस्कारा निघेल, किंवा जो "तसं बरंय, पण..." असे म्हणेल, त्याला ‘पण’पाशीच थांबवून मागच्या खोलीत न्यायचे. प्रेमाने.

पहिला नंबर लागला नर्समावशींचा. या निवृत्त परिचारिका होत्या आणि यजमान गेल्यापासून पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला त्यांचे डोळे वाहू लागत. ही आनंदाला लागलेली गळती आहे, असे सेक्रेटरींचे तांत्रिक मत पडले.

"मावशी, मागच्या खोलीत बसता का? तिथे पंखा छान आहे."

"मला वारं सोसत नाही रे."

"मग पंखा बंद आहे."

मावशी गेल्या. जाताना त्यांनी रुमाल तेवढा नेला.

मग सुतारबंधू. बापाच्या कारखान्याची वाटणी झाल्यापासून थोरला दालनाच्या या टोकाला बसे आणि धाकटा त्या टोकाला. मधल्या सगळ्या मंडळीचा उपयोग त्यांना आडोशासारखा होई. निरीक्षकांच्या डोळ्यांत ही दरी पहिल्या फटक्यात भरली असती.

"दोघांनी मागे बसायचं," सेक्रेटरींनी सांगितले.

"एकाच खोलीत? याच्याबरोबर?" दोघांनी एकदम विचारले. वाटणी झाल्यापासून त्यांचे एकमत झाले ते हे पहिलेच.

विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांचा मामला नाजूक होता. त्यांना काही दुखत नव्हते. त्यांना शंका येत. उपदेश संपला की ते हात वर करीत. "नोहाच्या तारवात सगळ्या प्राण्यांच्या जोड्या घेतल्या, तर वाळवीही घेतलीच असणार. मग लाकडाचं तारू टिकलं कसं?" पाळकसाहेबांना हा प्रश्न मनापासून आवडला होता. त्यापायी त्यांची झोप उडाली होती, पण हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, वडीला बारीक तडा असला तरी वडी पिंपातच."

"हे मात्र खरं," पाळकसाहेब म्हणाले, आणि वाळवी मागे गेली.

एकदा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. खोकणारे गेले. उपदेशात जांभई देणारा शिंपी गेला. रडक्या बाळामुळे त्याची आई गेली, आणि आई गेली म्हणून बापही गेला. कारण एकटा बाप दिसला तर कुटुंब विस्कळीत वाटले असते. उरलेल्यांत आनंद इतका वाढला की स्मितहास्य करून गाल दुखतात, अशी तक्रार एकाने केली. तक्रार केली म्हणून तोही गेला.

हे सगळे सुरळीत चालले असताना खुद्द सेक्रेटरींच्या घरी एक गोष्ट घडली होती. त्यांची लेक दोन बॅगा घेऊन घरी परत आली होती. "तिकडचं संपलं, बाबा. परत जायचं नाही," एवढेच ती म्हणाली. बाबांनी बॅगा आत घेतल्या, पाणी दिले, डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर मात्र सगळ्यांना सांगितले, "चार दिवस राहायला आलीय."

"तुमचे चार दिवस भलतेच लांबले हो," बायको म्हणाली. "शेजारीण विचारत होती, जावईबापू कुठल्या मोहिमेवर गेलेत."

"निरीक्षण होऊ दे, मग बघू. तोवर हिला उपासनेला यायची गरज नाही."

"आणि पाटी लागल्यावर?" लेकीने विचारले. ती न्हाणीघरातून हात पुसत येत होती. कारखान्यातल्या पिंपातल्या वड्या नोकरांना स्वस्तात मिळत. त्यामुळे या घरात जन्मभर टवके उडालेला, तिरक्या अक्षरांचाच साबण आला होता.

"पाटी लागल्यावर तर मुळीच नको," सेक्रेटरी म्हणाले. "काढून नेतील."

बोलून गेल्यावर त्यांनाच ते कसेसे वाटले. पण लेक टॉवेल वाळत घालायला निघून गेली आणि त्यांनी ते शांततेच्या खात्यात जमा केले.

निरीक्षणाच्या रविवारी दालन आरशासारखे होते. फुलदाण्या सरळ, बाक सरळ, माणसे सरळ. वरच्या कार्यालयातून आलेल्या निरीक्षकबाईंनी चष्मा लावला, माना मोजल्या आणि विचारले, "बाकीचे?"

"बाकीचे म्हणजे?"

"नियमानुसार किमान तीस माणसं लागतात. तेवढी नसली तर तिला मंडळी म्हणत नाही. तिला पाहुणे म्हणतात."

सेक्रेटरींनी पुन्हा माना मोजल्या. निरोगी माणसे बावीसच भरली होती. "आहेत ना, आहेत. आणतो," म्हणत ते मागच्या खोलीकडे धावले. पिंपातल्या आठ वड्या एका दिवसापुरत्या पट्ट्यावर ठेवायच्या, एवढाच प्रश्न होता.

दाराबाहेरच त्यांचे पाय थबकले. आतून हसण्याचा आवाज येत होता. दालनात चालणारे हसू बिनआवाजाचे असे; हे चांगले खिदळणे होते. त्यांनी दार वाजवले. दार उघडले ते त्यांच्याच लेकीने.

"तू? इथे कशी?"

"आईने मागच्या दाराने आणलं." आणि मग हसून, पद्धतशीर, तिने विचारले, "कसं काय?"

"मजेत," सेक्रेटरींच्या तोंडून सवयीने निघून गेले.

"मग पुढे दालनात बसा. इथे फक्त दुखणाइतांना जागा आहे. तुमचाच नियम, बाबा."

दार लागले. निरोगी मंडळीचे सेक्रेटरी आपल्याच रंगवलेल्या अक्षरांसमोर उभे राहिले. ‘दुरुस्ती’ची अक्षरे थोडी तिरकी उमटली होती, हे त्यांच्या आजवर ध्यानात आले नव्हते. त्यांनी पुन्हा दार वाजवले.

या वेळी दार पुरते उघडले. सुतारबंधू तुटका बाक उलटा घालून बसले होते. "अरे सरळ धर की, बोट ठेचीन," थोरला ओरडत होता. "ठेच! वाटणीत तेवढंच राहिलंय," धाकटा म्हणत होता, आणि बाक घट्ट धरून होता. मावशींच्या मांडीवर ते रडके बाळ झोपले होते. मावशींचे डोळे वाहतच होते, फक्त शिंपी मधून मधून रुमाल बदलून देत होता. मास्तर चहा गाळत होते. आणि सेक्रेटरींची बायको कोपऱ्यात पाय पसरून बसली होती.

"तूसुद्धा?"

"मला दारात त्या पोराने विचारलं कसं काय. म्हटलं, वेळ आहे का तुला? बस, सांगते. त्याने लगेच इकडे आणून सोडलं. मग मी हिला मागच्या दाराने आत घेतलं."

"मला आठ माणसं हवीत," सेक्रेटरी घाईने म्हणाले. "पुढे. थोडा वेळ. फक्त हसायचं."

"आधी दुखणं सांगा, मग आत येऊन बोला," थोरला सुतार म्हणाला.

"माझा गुडघा दुखतो."

"कोणता?" मावशींनी विचारले.

"हा... दोन्ही."

"खोटं. आत्ता पळत आलास ते ऐकलं मी."

कोणीतरी हसले. दालनातून गाण्याचा आवाज येऊ लागला. निरीक्षकबाई वाट पाहत असणार. पुढे पाटी होती आणि दारात लेक उभी होती, एक हात चौकटीला लावून. तिच्या काखेखालून वाकून आत जाता आले नसते.

"माझी लेक परत आलीय," सेक्रेटरी म्हणाले. "चार दिवसांसाठी नाही. कायमची."

"ते तिचं झालं," धाकटा म्हणाला. "तुमचं काय?"

"तेच विचारणार होतो मी," थोरला म्हणाला.

सेक्रेटरींनी लेकीकडे पाहिले. "मी लोकांना खोटं सांगितलं. हिची लाज वाटली म्हणून नाही. कोणी विचारलं कसं काय, तर मजेत म्हणता येणार नाही ना, त्याची भीती वाटली. एवढ्यासाठी पोरीला घरात कोंडून ठेवलं मी."

मास्तरांनी चहाचे गाळणे खाली ठेवले. लेकीने चौकटीवरचा हात काढला.

"बाबा, जन्मभर त्या पिंपातलाच साबण वापरला ना आपण? कोणाच्या अंगावर मळ राहिला?"

"नाही राहिला."

"मग या आत. बाक अजून मोडका आहे, खाली बसा."

सेक्रेटरी खाली बसले. खरेच दुखणारा एक गुडघा कटकन वाजला, आणि मावशी म्हणाल्या, "हा मात्र खरा."

तिकडे निरीक्षकबाईंनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग शेरे दिले. सेक्रेटरी जागेवर नाहीत : नेतृत्व विकेंद्रित आहे, उत्तम. संख्या कमी आहे : उर्वरित सभासद एकमेकांची ओझी वाहण्यास बाहेर गेले असावेत. तक्रारी : नाहीत. मतभेद : नाहीत. अश्रू : नाहीत. वरच्या कार्यालयाच्या इतिहासात इतकी निरोगी मंडळी आढळली नव्हती. पाटी आली.

पाटी लागल्यानंतरच्या रविवारी दालनातल्या एका धडधाकट गृहस्थांना अचानक जुनी डोकेदुखी आठवली. पुढच्या खेपेला गायनमंडळाचे घसे एकत्रच बसले. माणसे आपापली दुखणी शोधून, झटकून, पुसून घेऊन येऊ लागली. आणि सांगता सांगता बऱ्याच जणांच्या लक्षात आले की आपण ती शोधलेली नाहीत, ती होतीच. शेवटी एका सकाळी पाळकसाहेबांनीच मागचे दार वाजवले.

"मला वाटतं, मला शंका आहेत," ते चोरट्या आवाजात म्हणाले.

"कशाबद्दल?" मास्तर उठून उभेच राहिले.

"त्या वाळवीबद्दलच."

मागची खोली आता पुरत नाही. सुतारबंधूंनी भांडत भांडत बाहेरच्या अंगणात बाक मांडले आहेत. दालन मात्र रोज झाडले जाते, पाटीला पॉलिश होते. आदर्श नमुना म्हणून वरचे कार्यालय लांबलांबहून लोकांना ते पाहायला पाठवते, आणि लोक दालनातली शांतता पाहून भारावून परत जातात.

तुम्हीही कधी त्या बाजूला गेलात तर जरूर जा. दारात सेक्रेटरी स्वतः उभे असतील. तुमचा हात हातात घेऊन ते विचारतील, "कसं काय?" आज सकाळपासून भेटेल त्याला तुम्ही जे सांगत आला आहात, तेच तुम्ही त्यांनाही सांगाल. ते लगेच हात सोडणार नाहीत. तुम्हाला आणखी काही सुचते का, म्हणून थोडा वेळ वाट पाहतील. नाहीच सुचले, तर अदबीने तुम्हाला पुढे दालनात नेऊन बसवतील. हवा तो बाक घ्या. सगळे रिकामे आहेत.