देवीला सुई चालत नाही

ठाणाकुशनूरच्या अंकुशराव बिरादारांच्या घरात शेवटचा शब्द अंकुशरावांचा असे. पहिलाही त्यांचाच असे, त्यामुळे मधे फारसं कुणाला काही बोलायला उरत नसे. लेकीला, पल्लवीला, कलबुरगीच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते वाचलं आणि टीव्हीखाली सरकवून दिलं.

"एकटी पोरगी परक्या गावात? न्हाई जमायचं."

शनिवारच्या आत हजर व्हायचं होतं. पल्लवीनं दोन दिवस ताटाला हात लावला नाही. तिची आई द्वारकाबाई एकदा बोलायला गेल्या आणि "तुला काय कळायलंय त्यातलं?" एवढं ऐकून परत आल्या.

सोमवारी द्वारकाबाईंना सणकून ताप भरला. आधी आठवडाभर घसा धरलेला होताच. मंगळवारी मानेवर आणि दंडांवर लालभडक, दुखरे फुगवटे उठले. सासूबाई राजूबाईंनी चष्मा न लावताच निदान केलं.

"आई आल्यात घरात!"

अर्ध्या तासात दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. फोडणी बंद, दाढी बंद, चपला उंबऱ्याबाहेर. हे एक वेळ चाललं असतं. पण घरात आलेल्या देवीशी एकेरी बोलायचं नाही आणि तिला नाही म्हणायचं नाही, हे कलम अंकुशरावांना फार जड गेलं.

"माय, आता मी बायकूला अहो-जाहो करू का?"

"बायकूला कामून? आईला कर."

अंकुशराव शिकलेले होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत. त्यांनी गावातल्या बसवप्रभु डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दंडात इंजेक्शन दिलं. बुधवारी सकाळी बरोबर त्याच जागी नवा फुगवटा उभा होता, बाकीच्यांपेक्षा टपोरा.

"देवीला सुई चालत न्हाई," राजूबाई म्हणाल्या. "सांगितलं हुतं मी."

पुन्हा बोलावलेले बसवप्रभु डॉक्टर फुगवट्याकडे आणि राजूबाईंकडे आळीपाळीनं पाहत राहिले. मग त्यांनी कलबुरगीच्या चामडीच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली आणि पिशवी उचलली. अंकुशरावांचं बी.ए. तिथंच संपलं.

"चहा," द्वारकाबाई तापातच पुटपुटल्या.

अंकुशरावांनी स्वतः केला. आयुष्यातला पहिलाच, त्यामुळे अर्धा चुलीवर सांडला. द्वारकाबाईंनी घोट घेऊन एक डोळा उघडला.

"साखर लई झालीय."

त्यांनी दुसरा केला. तोवर दुसराही डोळा उघडला होता. "ती टीव्हीवरची भांडणं बंद करा," असं ऐकताच टीव्ही बंद झाला. अंगात एकशे दोन ताप होता, पण द्वारकाबाईंचं डोकं त्या दिवशी फार स्वच्छ चालत होतं.

गुरुवारी त्या म्हणाल्या, "पल्लवीला कलबुरगीला धाडा."

"ते... बघू की."

"बघू?" राजूबाई कडाडल्या. "आईला बघू म्हणायलास?"

"धाडतो."

"डहाळ्याला हात लावून म्हणा," द्वारकाबाई म्हणाल्या. अंकुशरावांनी म्हटलं.

"आन् मीबी येते. पोरीची खोली बघाया."

शुक्रवारी भाड्याच्या जीपमध्ये देवी मागच्या सीटवर आडवी होऊन निघाली. कॉलेजात पल्लवीचं नाव नोंदवलं, होस्टेलच्या खोलीत तिचं सामान टाकलं आणि तसेच सगळे चिठ्ठी घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर सुधारानींनी फुगवटे दाबून पाहिले, रक्त घेतलं, कातडीचा एक बारीक तुकडा काढला.

"ही देवी नाही, आणि कुणाला लागणारही नाही. क्वचित होणारा आजार आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कारण नसताना कातडीत गर्दी करतात. घसा सुजून गेल्यावर होतो कधी कधी. सुई टोचली की तिथंही उठतो."

"मग घाबरायचं कारण न्हाई?"

"कधी पोटाचे, सांध्यांचे आजार सोबत असतात. क्वचित मागं रक्ताचा मोठा आजार लपलेला असतो. म्हणून दोन-तीन दिवस इथंच ठेवून तपासायचं."

अंकुशराव बाकावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. खत, बी-बियाणं, पाऊसपाणी सगळं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. ही नसली तर काय, एवढंच उरलं, आणि ते त्यांना सोसवेना. शेवटी ते खाटेपाशी गेले.

"चहा आणू का तुला?"

त्यात देवीचा काही संबंध नव्हता. द्वारकाबाईंनाही ते कळलं. त्यांनी साखरेचं काही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात त्या मोठ्या आजाराची खूण नव्हती. गोळ्या सुरू झाल्या आणि सोमवारी ताप उतरला, फुगवटे बसू लागले. तापाबरोबर अंकुशरावांची भीतीही उतरली आणि मूळचा माणूस वर आला.

"म्हंजी देवी आलीच न्हवती! मग तिला दिलेला शब्द कुठं ऱ्हायला? पल्लवे, होस्टेलातलं सामान भर. घरला जायलाव आपण."

पल्लवीचा चेहरा पडला. तेवढ्यात सुधारानी घरी जायचे कागद घेऊन आल्या.

"गोळ्या हळूहळू कमी करायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. आणि लक्ष ठेवा. हा आजार परत येऊ शकतो."

"परत? कामून?"

"बऱ्याचदा कारण सापडत नाही."

अंकुशरावांनी वळून बायकोकडे पाहिलं. द्वारकाबाई शांतपणे त्यांच्याकडेच बघत होत्या. डॉक्टरांना न सापडलेलं कारण अंकुशरावांना लगेच सापडलं.

"पल्लवे," ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे सामान तिथंच."

घरी आल्यावर राजूबाईंनी वाळलेले डहाळे काढले. आठ दिवसांनी फोडणी चरचरली. अंकुशरावांनी गुळगुळीत दाढी केली, टीव्ही लावला आणि पाय पसरून बसले. तेवढ्यात आतून आवाज आला.

"मानेला जरा चुरचुरायलंय."

टीव्ही बंद झाला.

"तुमच्या च्यात साखर किती टाकू?" अंकुशरावांनी विचारलं.