उप-देखरेख अधिकारी श्री. हिरवे

यौ चिन-शुईला साधी चिठ्ठी लिहिता येत नसे. ‘दूध संपलंय’ एवढंच कळवायचं असलं, तरी तो वर ‘विषय: घरगुती दूधसाठ्याची सद्यःस्थिती’ असं ठळक लिहायचा आणि मगच मुद्द्यावर यायचा. तैवानातल्या ताइचुंग शहरात एका छत्र्यांच्या कंपनीत तो कारकून होता. तिथले लोक त्याच्या परिपत्रकांवर जाम खूश असत. संडासातल्या कागदाच्या उधळपट्टीवर त्याने काढलेलं परिपत्रक तर गोदामातल्या लोकांनी तोंडपाठ केलं होतं. (घरी त्याला एकच वाचक होती आणि ती खूश नव्हती.)

चिनी नवीन वर्ष तोंडावर आलं असताना घरातलं धुण्याचं मशीन बंद पडलं. त्याची बायको स्यौ-लुआन म्हणाली, “मेकॅनिकला फोन कर.” फोन करायला कितीसा वेळ लागतो? पण चिन-शुईने फोन केला नाही. त्याने फ्रिजवर कागद चिकटवला:

‘विषय: धुलाई यंत्राची विनापरवाना रजा. उपरोक्त यंत्र कोणतीही पूर्वसूचना न देता कामावर गैरहजर असून सदर बाब विचाराधीन आहे. तरी संबंधितांनी तूर्त हातांनी सहकार्य करावे.’

संबंधितांचे हात तेव्हा कोपरापर्यंत साबणात होते. तिने कागद वाचला आणि ओल्या हातानेच ओढून काढला.

“यौ चिन-शुई!” (आडनावासकट हाक आली की तो आधी दाराकडे बघायचा.) “नवीन वर्षाचे पहिले दोन दिवस कपडे धुवायचे नसतात, ठाऊक आहे ना? म्हणजे त्याआधी घरातला झाडून सगळा कपडा धुऊन झाला पाहिजे. पडदे, खोळी, तुझ्या आईच्या रजया. तोवर मशीन चालू झालं नाही, तर हे सगळं तू धुणार. खाली अंगणात, पाटावर बसून. आणि मी फोटो काढून तुझ्या ऑफिसात पाठवणार.”

“येईल गं नवं मशीन! कंपनीच्या वर्षअखेरीच्या जेवणात यंदा पहिलं बक्षीस धुण्याचं मशीनच आहे.”

“आणि ते तुला लागणार?”

“माणसं कितीशी आहेत आमच्याकडे!”

“गेल्या वर्षी काय लागलं होतं रे?”

गेल्या वर्षी त्याला नेलकटर लागलं होतं.

त्याच आठवड्यात ऑफिसात कुणीतरी कॉपी मशीनवरचं हिरवं पाकीट खाल्लं. पाकिटात मक्याचा कुरकुरीत खाऊ असतो आणि त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘शहाणं हो बाळा’. ते डोक्यावर असलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. (मात्र हिरवंच हवं. पिवळं ठेवलं तर मशीन आजारी पडतं.) पाकीट गेलं आणि दुपारपर्यंत मशीन कागद गिळायला लागलं. मॅनेजर त्सेंगबाईंनी चिन-शुईला बोलावलं.

“अहो यौ, नवं पाकीट आणून ठेवा आणि वर ‘हात लावू नये’ एवढी चिठ्ठी लावा.”

तीनच शब्द होते. लिहिले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण चिन-शुई जागेवर जाऊन बसला, बोटं मोडली आणि लिहिलं:

‘नेमणूक आदेश. श्री. हिरवे (वर्तणूक उत्तम) यांची कॉपी मशीनचे उप-देखरेख अधिकारी या पदावर नेमणूक करण्यात येत आहे. ते अहोरात्र पदावर हजर राहतील व चहाला जाणार नाहीत. सदर अधिकाऱ्यांना हलवणे, फोडणे अथवा खाणे हा शिस्तभंग समजला जाईल. श्री. हिरवे उपलब्ध नसल्यास त्यांचा कार्यभार खाली सही करणारा पाहील.’

खाली त्याने झोकात सही ठोकली. त्सेंगबाई वाचता वाचता इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या हसण्याच्या भरात त्यांनी कागदावर कंपनीचा लाल शिक्का मारला.

इथेच घात झाला. शिक्का मारलेला प्रत्येक कागद हिशेब विभागातल्या रुआनबाईंकडे जायचा, आणि रुआनबाईंना कागदावर विनोद दिसत नसे, फक्त शिक्का दिसे. त्यांनी श्री. हिरवे यांच्या नावाने रीतसर फाइल उघडली. दुसऱ्या दिवशी त्या पेन्सिल घेऊन चिन-शुईसमोर उभ्या राहिल्या.

“हे हिरवे मांसाहारी की शाकाहारी? जेवणाला खुर्च्या लावायच्यात.”

“मक्याचे आहेत,” चिन-शुई गंभीरपणे म्हणाला. “शाकाहारीच लिहा.”

त्यांनी तसं लिहिलं. सोडतीच्या चिठ्ठ्या करताना त्यांनी हिरव्यांचीही केली, आणि ती पेटीत टाकायचा मान चिन-शुईने हट्टाने स्वतःकडे घेतला. ऑफिस पोट धरून हसलं. त्या दिवसासारखा सुखाचा दिवस त्याच्या नोकरीत पुन्हा यायचा नव्हता.

जेवणाच्या दिवशी श्री. हिरवे ड्यूटीवर असल्यामुळे त्यांची खुर्ची रिकामी होती. मालकांनी पेटीत हात घातला, चिठ्ठी उलगडली आणि माइकवर वाचलं, “पहिलं बक्षीस, धुण्याचं मशीन... श्री. हिरवे!”

हॉल दणाणून गेला. सगळ्यांत मोठ्याने चिन-शुईच हसला. मग त्याला आपल्या हातातली हातरुमालांची पेटी दिसली (यंदा ती लागली होती) आणि हसू अर्ध्यावरच विझलं. तो धावत रुआनबाईंच्या टेबलाशी गेला.

“बाई, ते मशीन माझ्याकडे द्या. मी पोचवतो.”

“कुणाला?”

“अहो, हिरवे म्हणजे खाऊचं पाकीट आहे!”

“मग नेमणूक खोटी होती का? त्सेंगबाईंनी खोट्या कागदावर शिक्का मारला, असं म्हणायचंय तुम्हाला? लेखी द्या, मी पुढे पाठवते.”

त्सेंगबाई शेजारीच सूप पीत होत्या. त्यांचा चमचा थांबला. चिन-शुई निमूटपणे आपल्या जागी जाऊन बसला. मशीन ऑफिसात आलं आणि श्री. हिरव्यांच्या नावाची पट्टी लावून कॉपी मशीनशेजारी उभं राहिलं.

“म्हणजे खाऊच्या पाकिटाला मशीन मिळालं,” स्यौ-लुआन रात्री शांतपणे म्हणाली, “आणि माझ्या नवऱ्याला हातरुमाल. चांगलंय. तेही तूच धू.”

तिचा चढलेला आवाज त्याला सवयीचा होता. हा शांत आवाज ऐकून मात्र त्याला खरोखर भीती वाटली. तिची बोटं साबणाने सोलवटली होती, हेही त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं आणि स्वतःचीच लाज वाटली. आता मशीन आणायचंच, असं त्याने ठरवलं. माणसाने अशा वेळी सरळ जाऊन मालकांचे पाय धरले असते. चिन-शुईने राजीनामा लिहिला. हिरव्यांचा!

‘प्रकृती नरम पडल्यामुळे मी स्वखुशीने पद सोडत असून, माझे बक्षीस माझे परमस्नेही यौ चिन-शुई यांना देत आहे.’ शिक्क्यावाचून रुआनबाई कागद घेणार नाहीत हे तो जाणून होता. म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘हिरवे’ नावाचा शिक्का कोरून आणला आणि खाली मारला.

रुआनबाईंनी कागद उजेडात धरून पाहिला. “राजीनामा मंजूर. मशीन तुमचं.” मग त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी उचलून अदबीने त्याच्या हातात ठेवलं. चिन-शुईला आभाळ ठेंगणं झालं. त्याने बायकोला फोन केला, “भावाचा टेम्पो घेऊन लगेच ये!” आणि आनंदाच्या भरात पाकीट फोडून श्री. हिरव्यांना खाऊन टाकलं.

तेवढ्यात कॉपी मशीन घरघरलं आणि थांबलं. सुट्टीआधी गिऱ्हाइकांना नवं दरपत्रक त्याच दिवशी जायचं होतं. त्सेंगबाई धावत आल्या. “नवं पाकीट ठेवा कुणीतरी!”

“नाही ठेवता येणार,” रुआनबाई म्हणाल्या. “पद रिकामं आहे. राजीनाम्यानंतरच्या नेमणुकीला मालकांची सही लागते आणि मालक सकाळीच गावाला गेले. तोवर कार्यभार खाली सही करणाऱ्याने पाहायचा, असं आदेशात लिहिलंय. सही यौंची आहे.”

सगळे चिन-शुईकडे वळले. हा विनोद आहे, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण यावेळी कुणी हसत नव्हतं. कॉपी मशीनला खेटून स्टूल मांडलं गेलं. गोदामातून कुणीतरी हिरवी छत्री आणली आणि उघडून त्याच्या हातात दिली. तो बसला. मशीनने एक कागद ओढला, चावला आणि काळाकुट्ट करून बाहेर फेकला.

“जरा शहाण्यासारखे बसा हो!” त्सेंगबाई ओरडल्या.

तो ताठ बसला. मशीनने आणखी एक कागद चावला.

स्यौ-लुआन आत आली तेव्हा तिला हे दृश्य दिसलं. नवरा छत्रीखाली, एक हात मांडीवर ठेवून, आणि भोवती सगळं ऑफिस.

“बरं झालं वहिनी, तुम्ही आलात,” त्सेंगबाई काकुळतीने म्हणाल्या. “हे बसल्यापासून मशीन आणखीच बिघडलंय. घरी तुम्ही काय करता?”

“घरी मी याला आधी बाहेर काढते,” स्यौ-लुआन म्हणाली. “ऊठ रे.”

चिन-शुई छत्रीसकट जिन्यात जाऊन उभा राहिला. दार लागलं. लागलीच आत कॉपी मशीन सुरळीत चालायला लागलं. कागदामागून कागद, एकही न चावता. त्सेंगबाईंनी आनंदाने टाळ्या वाजवलेल्या त्याला ऐकू आल्या.

संध्याकाळी धुण्याचं मशीन घरी बसलं. पहिल्या फेरीला पडदे घातले. स्यौ-लुआनने बटण दाबायच्या आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि गॅलरीचं दार उघडून धरलं. तो बाहेर गेला. जानेवारीचं वारं सुटलं होतं. आत मशीन मजेत घुमत होतं आणि त्याबरोबर बायको गुणगुणत होती, कित्येक दिवसांनी.

त्याने काचेवर हलकेच टकटक केली. “अगं, येऊ का आत?”

“थांब,” ती म्हणाली. “अजून रजया व्हायच्यात.”