पाच बोटांचं कोटिंग

रिसोडच्या शिवेवर वांगी, कोबी आणि कोथिंबीर पिकवणाऱ्या उत्तमरावांवर आयुष्यात जी काही संकटं आली, ती सगळी "इचारून सांगतो" या दोन शब्दांतून उगवली. वांग्याचं वाण असो, नाहीतर चपलेचा नंबर असो, तीन जणांना विचारल्याशिवाय त्यांचा जीव भांड्यात पडत नसे. (मुलगी पाहायला मेडशीला गेले, तेव्हा "पसंत हाय काय?" या प्रश्नालाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. ती मुलगी म्हणजे गिरजाबाई, आणि ते उत्तर त्या अजून विसरलेल्या नाहीत.)

तेव्हा शोरूममधल्या माणसाने नव्या गाडीची चावी हातात ठेवताना "काका, रंग टिकावा म्हणून वरून कोटिंग मारून देऊ काय?" असं विचारलं, तर हो किंवा नाही म्हणून मोकळं व्हावं की नाही? उत्तमराव म्हणाले, "इचारून सांगतो."

गाडी चारचाकी होती, पांढरीशुभ्र. गिरजाबाईंनी उभी हयात मोटरसायकलवर मागे बसून काढली होती, एका हाताने नवऱ्याचा खांदा आणि दुसऱ्या हाताने कोथिंबिरीचं गाठोडं धरून. गाडी दारात आली. त्यांनी पदराने आरसा पुसला आणि त्यात स्वतःलाच जरा पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "आयतवारी मेडशीले जाऊ. माय वाट पाहून राह्यली."

वाट पाहण्याला कारण होतं. गिरजाबाईंच्या आईची, कौतिकाबाईंची, एक रीत होती. लेकीच्या किंवा लेकाच्या घरात नवं काही आलं की ओल्या हळदीत हात बुडवायचा आणि त्या वस्तूवर पाचही बोटं उमटवायची. विहिरीवरच्या मोटारीची पेटी, लेकाचा, म्हणजे गजेंद्रचा, ट्रॅक्टर, उत्तमरावांची मोटरसायकल, सगळ्यांवर तिचा हात पडलेला होता. मोटरसायकल अजून एका किकमध्ये सुरू होत असे. उत्तमराव त्याचं श्रेय वेळेवर बदललेल्या ऑइलला देत आणि गिरजाबाई मायच्या हाताला. आता म्हातारीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरायला लागलेला. तिने निरोप धाडला होता, "माह्या हातात दम हाय तोवर गाडी घेऊन या."

"जाऊ ना," उत्तमराव म्हणाले, "पन आधी कोटिंग होऊ दे. त्याच्याआधी गाडीले कोनाचा हात लागला नाही पाहिजे."

"मायचाबी?"

"मायचा लागन ना, कोटिंगवरून लागन!"

गिरजाबाईंनी आयतवार पुढे ढकलला.

मग विचारणं सुरू झालं. शेजारच्या मळ्यातला जगदेव सल्ल्याच्या बाबतीत कर्णाचा अवतार. त्याला टेफ्लॉन कोटिंगबद्दल विचारलं.

"टेफ्लॉन? तव्यावरचा?" जगदेव म्हणाला. "अजी, आमच्या तव्याचा टेफ्लॉन उडून पोयीत आला. दोन दिवस मी तीळ समजून खाल्ला. तुमी सिरॅमिक करा."

"सिरॅमिक म्हंजे लोनच्याची बरनी असते थे?" गिरजाबाईंनी आतून विचारलं.

"तेच, वहिनी! पन पातळ."

लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आल्यावर उत्तमरावांना गाडी हातातून निसटून फुटेल अशी भीती वाटायला लागली. म्हणून त्यांनी आणखी एकाला विचारलं. तो म्हणाला, आता गाडीला आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळतात. हे मात्र उत्तमरावांना एकदम पटलं. "मल्चिंग पेपर!" ते हर्षभरित होऊन म्हणाले. टरबुजाच्या वाफ्यावर तण उगवू नये म्हणून तसला प्लास्टिकचा कागद त्यांनी स्वतः अंथरलेला होता. पण त्या कागदाचा भाव ऐकला आणि ते बांधावर खालीच बसले. (नंतर बराच वेळ ते जगदेवच्या कोबीकडे पाहत बसले होते, असं जगदेव सांगतो.)

दरम्यान गाडीची व्यवस्था मोठी चोख होती. वानरं बसू नयेत म्हणून वर रोपवाटिकेची हिरवी शेडनेट, धूळ बसू नये म्हणून आत पिकावर टाकायचं पांढरं कापड आणि बोनेटवर गिरजाबाईंची ठेवणीतली गोधडी. कोंबड्यांना त्या बाजूला फिरकायची बंदी. रोज सकाळी उत्तमराव कापडाचं एक टोक उचलत, आत डोकावत आणि पुन्हा झाकून ठेवत. गाडीला कोंब फुटला की नाही तेच पाहत असावेत, असं लांबून वाटे. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच. फक्त अजून गाडी एकदाही कुठे गेली नव्हती.

शेवटी गिरजाबाई एकट्याच एसटीने मेडशीला जाऊन आल्या. सोबत पिशवीत वांगी आणि मेथी. भांडल्या नाहीत, कुरकुरल्या नाहीत. संध्याकाळी आल्या, पाय धुतले, चूल पेटवली आणि भाकर थापता थापता सहज म्हणाल्या, "माय इचारत होती."

"काय?"

"म्हने, गाडी बिमार हाय काय?"

गिरजाबाईंनी भाकर उलटली. त्यांचे हात पाहता पाहता उत्तमरावांच्या मनात आलं, की ही गाडी आपण हिच्यासाठी घेतली, आणि ही आज एसटीत उभ्याने गेली असेल. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. बायको चिडली तर ते निभावून नेतात; ती शांत राहिली की त्यांचं काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता (ही त्यांच्या आयुष्यातली ऐतिहासिक घटना) ते गाडी घेऊन वाशिमला नरेंद्रच्या दुकानात गेले.

नरेंद्र कोटिंगचं काम मन लावून करणारा माणूस होता. त्याने आधीच कोटिंग मारलेल्या एका गाडीच्या बोनेटवर तांब्याभर पाणी ओतलं. पाण्याचे मोती झाले आणि टपाटप खाली गेले. बोनेट कोरडं ठणठणीत.

"चिखल?" उत्तमरावांनी विचारलं.

"टिकत नाही."

"पाखराची घान?"

"घसरून जाते, काका. कायबी टिकत नाही याच्यावर. मी गॅरंटी देतो."

"कायबी म्हंजे कायबी?"

"तुमी म्हनान थे!"

उत्तमरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतःच तांब्या घेऊन आणखी दोनदा पाणी ओतून पाहिलं. त्यांच्या गाडीला सिरॅमिक झालं. काही दिवस पाणी लागू देऊ नका, असं नरेंद्रने बजावलं. तेवढे दिवस उत्तमरावांनी मळ्यातले तुषार सिंचनाचे फवारेही गाडीपासून लांब तोंड करून लावले. आणि मग एका आयतवारी, टोपी घालून, दाढी करून, शेजारी नवं लुगडं नेसलेल्या गिरजाबाईंना बसवून ते मेडशीला निघाले. वाटेत गिरजाबाईंनी काच खाली घेतली आणि हात जरासा बाहेर काढला. उत्तमराव "दारावर बोटं नको लावू" म्हणणार होते. पण त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि गाडी जरा हळू केली.

मेडशीला निम्मं गाव जमलं होतं. कौतिकाबाई उंबऱ्यात बसून होती, पितळेच्या वाटीत आपल्या घरच्या हळदीचा कालवलेला लगदा घेऊन. गजेंद्रने तिला धरून गाडीजवळ आणलं. तिने आधी बोनेटवरून नुसताच हात फिरवला. "लय गुयगुयीत हाय वं," ती लेकीला म्हणाली. मग उजवा हात हळदीत बुडवला, देवाचं नाव घेतलं आणि पूर्ण पंजा बोनेटवर टेकवला.

हात उचलला. पाच बोटं छान उमटली होती. क्षणभरच. मग करंगळी गोळा झाली, अंगठ्याचे चार थेंब झाले आणि सगळा पंजा हळूहळू बोनेटवरून घसरत बंपरवरून मातीत पडला.

बोनेट कोरडं ठणठणीत.

"पुन्हा लाव, माय," गिरजाबाई म्हणाल्या. म्हातारीने पुन्हा लावला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तिने हात दाबून धरला. तो इतका थरथरत होता, की गजेंद्रने मनगट धरलं. तोही पंजा गेला. जमलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणीतरी मागून "अपशकून" असं काहीतरी पुटपुटलं.

कौतिकाबाईने आपला हात उलटसुलट करून पाहिला. "माह्याच हातात आता काई राह्यलं नसन," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. म्हणूनच ते ऐकवेना. गिरजाबाईंनी तोंड फिरवलं.

आणि उत्तमराव? ज्या गुणासाठी त्यांनी महिनाभर बायकोचं गाडीने माहेरी जाणं लांबवलं, तो गुण गाडीने अगदी गॅरंटीप्रमाणे दाखवला होता. कायबी म्हणजे कायबी टिकत नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैलाच्या जागी गाडी होती, एवढंच. नरेंद्रला शिव्या द्याव्यात तर त्याने काम चोख केलेलं! त्यांनी रुमालाने बोनेट पुसलं. हळदीत पीठ कालवून पाहिलं. पिठाचा गोळा दिमाखात घसरत खाली आला आणि गजेंद्रच्या कुत्र्याने तो हुंगून सोडून दिला.

घसरणाऱ्या थेंबांकडे बघता बघता उत्तमराव एकदम थांबले. हे त्यांनी पाहिलेलं होतं. एकदा नव्हे, दर हंगामात. कोबीच्या पानावर फवारा मारला, की औषधाचे अस्सेच मोती होतात आणि खाली पळतात!

"गजेंद्र!" ते ओरडले. "फवारनीत टाकाचं स्टिकर हाय काय घरात? थे चिकट औषध? कोबीवर पानी ठरत नाही म्हनून टाकतो थे?"

"हाय ना, भाऊजी. पन गाडीवर काय कीड पडली काय?"

"आन लवकर!"

बाटली आली. पंपभर पाण्याला टोपणभर पुरतं ते औषध; उत्तमरावांनी वाटीभर हळदीत दोन टोपणं ओतली. (फवारणीच्या बाबतीत ते कुणालाही विचारत नाहीत. तिथे ते स्वतःच तिसरे.) बोटांनी खसाखसा कालवलं आणि वाटी म्हातारीपुढे धरली.

"लावा, मामी. आता राह्यते. माह्यी गॅरंटी."

"अवो, पन तुमचं कोटिंग..." गिरजाबाई म्हणाल्या.

"कोटिंग गेलं खड्ड्यात," उत्तमराव म्हणाले. हे त्यांच्याच तोंडून आलं यावर त्यांचाही पटकन विश्वास बसला नाही.

कौतिकाबाईने हात बुडवला आणि बोनेटच्या मधोमध टेकवला. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. हात उचलला. पाच बोटं. पाचची पाच. करंगळीसुद्धा जागची हलली नाही. म्हातारी वाकून, ऑपरेशन झालेला डोळा अगदी जवळ नेऊन, कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिचं बोळकं उघडलं आणि ती खुदकन हसली. "राह्यला वं, गिरजे!"

गिरजाबाई एकाच वेळी रडत आणि हसत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि उत्तमरावांना वाटलं, लग्न ठरवताना आपण विचारून सांगतो म्हणालो, ते आज बहुतेक माफ झालं.

मग म्हातारीला पुढच्या सीटवर बसवून गावातून फेरी मारायची ठरली. चढताना ती थबकली. "जवाई, पायाले माती हाय. पुसू काय?"

"राहू द्या," उत्तमराव म्हणाले. "गाडी काय देव्हारा हाय काय?" आणि अशा थाटात चालकाच्या दारावर थाप मारून आत बसले, की गिरजाबाईंना मागच्या सीटवर हसू आवरेना.

हळद उन्हात वाळली. आणि मग कळलं, की उत्तमरावांनी गॅरंटी जरा जास्तच चोख दिली होती. पाण्याने निघेना, साबणाने निघेना. आठवड्याने दोघांनी गाडी नरेंद्रकडे नेली, तेव्हा तो कोटिंगकडे पाहत राहिला, मग उत्तमरावांकडे.

"काका, हे मशीननं घासा लागन. मंग पुन्हा कोटिंग."

"हात काढाचा नाही," उत्तमराव म्हणाले. "हातावरून कोटिंग मारता येईन काय ते सांग. तो निघाला नाही पाहिजे."

"अजी, कोटिंग कायच्यासाठी असते..." नरेंद्र बोलायला लागला आणि त्याने नाद सोडला. मग चालकाच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "आन हा दुसरा?"

कारण चालकाच्या दारावर, हँडलच्या बाजूला, आणखी एक पंजा होता. पहिल्यापेक्षा मोठा, अंगठ्यापाशी फिसकटलेला आणि तितकाच पक्का. हळद कालवून हात न धुता ज्याने थाटात दारावर थाप मारली होती, त्याचा.

"तो काढून टाक," उत्तमराव घाईघाईने म्हणाले.

"राहू दे, भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या. "जोडी हाय थे."

तेव्हापासून गाडी तशीच फिरते. रिसोडच्या बाजारात लोक थांबून बोनेटकडे पाहतात आणि विचारतात, हा कोणाचा हात? गिरजाबाई मानाने सांगतात, माह्या मायचा. मग लोकांची नजर दाराकडे जाते, आणि उत्तमराव कोथिंबिरीच्या जुड्या मोजण्यात एकदम गढून जातात.

"थो व्हय?" गिरजाबाई म्हणतात. "गाडीले कोनाचा हात लागू नये म्हनून महिनाभर जपत होते ना, त्यायचा."